तळघराची पडलेली भिंत: सोयरे मदतीला आले, पण आधी माती समजून घ्यावी लागते

पांढुर्णा / सौंसर : पावसाळा उतरणीला लागला की या दोन्ही तालुक्यांत एक गोष्ट हमखास ऐकू येते. कुणाच्या घराची मागची भिंत बसली, कुणाच्या दुकानाच्या तळघरात माती आली, कुणाच्या विहिरीचं बांधकाम ढासळलं. पोळ्याला आलेले सोयरे अंगणात उभे राहून ढिगारा पाहतात आणि तिथल्या तिथे ठरतं, "मिस्त्री कशाला एवढे लावता, आपणच चार-सहा जण मिळून काढून टाकू." वरुडचा मामा, सावनेरचा जावई, नरखेडचा साळा असे सगळे एका शब्दावर येतात. राज्याची सीमा १९५६ साली मधून गेली, पण सोयरीक तिच्या दोन्ही बाजूंना तशीच राहिली, हे अशा वेळी दिसतं.

मदत चांगली. पण पडलेली तळघराची भिंत म्हणजे अंगणाचं कुंपण नव्हे. तिच्या मागे कित्येक टन माती उभी असते आणि डोक्यावर बहुतेक वेळा राहतं घर असतं. पहिल्या पडझडीत सहसा कुणी सापडत नाही, कारण ती रात्री-बेरात्री, भर पावसात होते. माणसं असतात ती दुसऱ्या दिवशी, ढिगारा उपसताना.

काळी आणि पांढरी

मराठी मुलखात शेतजमिनीला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणायची जुनी पद्धत आहे. ती नुसती बोलण्याची पद्धत नव्हती. घरं पांढऱ्या मातीवर बांधायची आणि काळीत फक्त पेरायचं, हा त्यातला हिशेब होता. ज्वारी साठवायची पेवं जमिनीखालीच असत, पण ती खणताना पाणी न धरणारी चढाची जागा पाहत. आज दोन्ही शहरं वाढली आहेत आणि वाढली ती काळीत. शेताचं डायव्हर्शन झालं (महाराष्ट्रात त्यालाच एन.ए. म्हणतात), ले-आउट पडला, प्लॉट विकले गेले. त्यावर घर उभं राहिलं आणि जागा कमी म्हणून खाली तळघर निघालं. संत्र्याची खोकी ठेवायला, कापूस ठेवायला, किंवा रस्त्याच्या बाजूला असेल तर दुकान काढायला.

पांढुर्ण्याकडची बरीचशी जमीन बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या फत्तराच्या झिजेतून झालेली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं एक चिकण खनिज भरपूर असतं. ते पाणी प्यालं की फुगतं, वाळलं की आक्रसतं. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. सौंसरकडे चित्र थोडं वेगळं आहे. भूगर्भशास्त्रात 'सौंसर समूह' हे नाव जगभर ओळखलं जातं. छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातले जुने संगमरवरी, अभ्रकी आणि मँगनीज असलेले खडक त्यात येतात. त्यामुळे सौंसर तालुक्यात कुठे चार फुटांवर कठीण खडक लागतो, कुठे भुसभुशीत अभ्रकी माती, आणि कुठे पुन्हा तीच काळी. एकाच गल्लीतल्या दोन घरांची माती सारखी असेलच असं नाही. 'शेजाऱ्यानं केलं तसंच करू' हा सल्ला म्हणून इथे धोक्याचा आहे.

आपली माती फुगणारी आहे की नाही हे पाहायची एक सोपी चाचणी आहे. तीच प्रयोगशाळेत नीट मोजमाप करून घेतली जाते. वाळलेली माती बारीक करून वस्त्रगाळ करायची. दोन सारख्या काचेच्या नळ्या किंवा उभे ग्लास घ्यायचे, दोन्हींत सारखीच, दोन-दोन चमचे माती घालायची, एकात पाणी भरायचं, दुसऱ्यात रॉकेल. हलवून एक दिवस तसंच ठेवायचं. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातला थर रॉकेलातल्या थरापेक्षा दीडपट-दुप्पट दिसला, तर ही माती भिंतीमागे ठेवण्याच्या लायकीची नाही. घरगुती चाचणीवर सळईचा हिशेब काढता येत नाही, पण इंजिनिअरला बोलवायचं की नाही एवढं तरी तिच्यातून कळतं.

भिंत मातीनं नव्हे, पाण्यानं पाडली

भिंत का पडली असं विचारलं की उत्तर येतं, "माल कमी टाकला होता." कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा मूळ कारण पाणी असतं आणि त्याचा हिशेब अवघड नाही.

समजा तळघराची भिंत वीस फूट लांब आणि आठ फूट उंच आहे. मागे साधी, कोरडी, मुरमाड माती असेल तर ती भिंतीला आडवी साधारण दहा टनांनी ढकलते. तीच माती पाण्यानं तुडुंब भरली, पाण्याला बाहेर जायला वाट नसली, तर तो रेटा बावीस टनांच्या आसपास जातो. सिमेंटच्या पोत्यांत सांगायचं तर दोनशे पोत्यांचा भार एका पावसाळी रात्रीत चारशेचाळीस पोत्यांवर जातो, आणि तो वरून नव्हे, बाजूनं. यातला मोठा वाटा एकट्या पाण्याचा असतो. आठ फूट खोल उभ्या पाण्याचा तळाशी दाब दर चौरस मीटरला जवळजवळ २.४ टन भरतो. काळी माती फुगते तेव्हा तिचा स्वतःचा जोर यात आणखी मिळतो, तो इथे धरलेलाच नाही.

नऊ इंची विटांची भिंत वरून येणारं वजन वर्षानुवर्षं पेलते, पण बाजूच्या रेट्यापुढे तिचा टिकाव लागत नाही. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती दोन-अडीच फूट जाड असत. केवळ स्वतःच्या वजनावर माती अडवणारी दगडी भिंत आठ फूट उंच करायची तर तिचा पाया चार ते पाच फूट रुंद लागतो. तेवढी जागा आजच्या प्लॉटवर कोण देणार?

काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. एप्रिल-मेमध्ये ती आक्रसून भिंतीपासून सुटते आणि मध्ये बोट जाईल एवढी फट राहते. मृगाचा पहिला मोठा पाऊस थेट त्या फटीत उतरतो आणि पायापर्यंत पोचतो. त्यात घराच्या छताचं पाणी पन्हाळीतून त्याच कोपऱ्यात पडत असेल, न्हाणीघराची मोरी तिथूनच जात असेल, तर भिंत दोन-तीन पावसाळे काढते आणि मग एके दिवशी पोट काढते. भिंतीला पोट येणं, मधोमध आडवी भेग जाणं, कोपऱ्यात जिन्यासारखी तिरपी भेग उठणं ही लक्षणं पडण्याच्या कितीतरी आधी दिसतात. त्यांच्यावर गिलावा मारून घेतला की ती दिसेनाशी होतात, एवढंच.

पहिला दिवस

भिंत पडल्यावर पहिलं काम ढिगाऱ्याला हात न लावण्याचं. भिंतीच्या वरच्या खोलीतली माणसं बाहेर काढायची, त्या बाजूची वीज बंद करायची, आणि नळाचं किंवा मोरीचं पाणी तिकडे जात असेल तर ते तोडायचं. वर आभाळ असेल तर मातीच्या कापावर ताडपत्री टाकायची, तीही वरच्या बाजूनं, काठापासून लांब उभं राहून.

अशा घाईची किंमत काय असते ते आठवायला फार मागे जावं लागत नाही. ४ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच राज्यात सागर जिल्ह्यातल्या शाहपूर इथे जुन्या घराची भिंत कोसळून नऊ मुलं गेली. पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ च्या रात्री सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि पंधरा जण दगावले. दोन्ही प्रकार पावसाळ्यातले. दोन्हीकडे भिंतीखाली जे होते त्यांचा त्या भिंतीशी काही संबंध नव्हता.

ढिगारा हलवायच्या आधी फोटो काढावेत. चारही बाजूंनी, तारीख दिसेल असे, आणि एका फोटोत घराचा दर्शनी भाग यावा. नंतर पटवारी आला, विमा कंपनीचा माणूस आला की पहिला प्रश्न हाच असतो, "पडलं तेव्हा कसं होतं?"

त्यानंतर टेकू. तळघराची भिंत ही वरच्या स्लॅबचा आधार असते, ती गेली की स्लॅब हवेत लोंबकळतो. सेंट्रिंगवाल्याकडून लोखंडी जॅक भाड्यानं मिळतात. ते नुसत्या मातीवर उभे करायचे नाहीत, खाली जाड फळ्या आडव्या टाकून त्यावर ठेवायचे. बल्ल्या वापरायच्या तर सरळ आणि न किडलेल्या. हे काम नवशिक्या भाच्यांचं नाही, रोज सेंट्रिंग करणाऱ्याचं आहे. सगळी सोयरेमंडळी असली तरी त्याची एक दिवसाची मजुरी द्यावी.

कोण काय करणार

शेतीत एकमेकांच्या कामाला जाण्याला आपल्याकडे इर्जिक म्हणतात. नांगरणीला, पेरणीला बैलजोड्या घेऊन गाव जमायचं आणि ज्याचं शेत तो जेवण घालायचा. घराच्या कामालाही तीच रीत लागते. पण शेतात चुकलं तर तास वाकडा होतो. इथे चुकलं तर माणूस मातीखाली जातो. म्हणून कामाची वाटणी आधी बसून करावी लागते, आणि ती मानपानावर नव्हे.

घरातल्या थोरल्यांनी खड्ड्यात उतरू नये, हे सांगणं सगळ्यात अवघड. काकाजींना "तुम्ही वर बसा" म्हटलं की त्यांना राग येतो. त्यांना खरोखर मोलाचं काम द्यायचं तर पहारा द्यावा. मातीच्या कापाकडे नजर ठेवणारा एक माणूस कायम वर लागतो. वरून खडे घरंगळू लागले, काठाशी नवी बारीक भेग दिसली, कापातून पाणी पाझरायला लागलं की तो आवाज देतो आणि खालचे सगळे काही न विचारता बाहेर येतात. मोबाइल हातात घेऊन हे काम होत नाही.

खाली उतरणाऱ्यांसाठी एक साधा दंडक बांधकामात सगळीकडे पाळला जातो. साधारण पाच फुटांपेक्षा खोल उभा काप असेल तर त्याला आधार दिल्याशिवाय किंवा तो उतरता केल्याशिवाय कुणी पायथ्याशी जायचं नाही. आठ फुटांच्या भिंतीमागची माती उतरती करायची म्हणजे वर जवळजवळ आठ फूट मागे जावं लागतं. आपल्या उदाहरणात त्याची जागच्या जागी सहा ब्रास माती होते. मोकळी झाली की ती फुगून आठ ब्रास भरते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसते, म्हणजे आठ खेपा. घमेल्यांनी मोजली तर दोन हजारांच्या घरात. हा आकडा पोळ्याच्या गप्पांत ठरलेल्या 'दोन दिवसां'च्या बेतासमोर ठेवून पाहावा.

मग कुणीतरी जेसीबी सुचवतो. बाहेरून, लांबून माती ओढायला जेसीबी ठीक आहे. पण तो कापाच्या काठाशी उभा राहिला तर त्याचं सात-आठ टन वजन आणि हादरा त्याच मातीवर पडतो जी आधीच घसरायला बसली आहे. घरालगतचे शेवटचे तीन-चार फूट हातानंच, टिकास-पावड्यानं आणि वरून खाली काढावे लागतात. खालून पोखरून वरचं आपोआप पाडायची युक्ती, जी मुरमाच्या खाणीत सर्रास दिसते, ती इथे अजिबात नको.

भिंत अर्धी पडली असेल आणि अर्धी पोट काढून उभी असेल तर उरलेली एकदम पाडू नये. चार-पाच फुटांचे भाग पाडून, एक सोडून एक असे उघडायचे, तेवढा भाग नवा बांधून घ्यायचा आणि मग मधला. वेळ लागतो, पण वरचं घर जागेवर राहतं.

बायकांच्या वाट्याला अशा कामात चूल येते, आणि त्याबरोबर निम्मं घमेलंही. दोन्ही एकाच बाईनं करायचं असं गृहीत धरलं जातं. मिस्त्रीबरोबर आलेल्या रेजाला दिवसाचा रोज मिळतो, घरातल्या सुनेला मिळत नाही, एवढाच फरक. वीस माणसांचा स्वयंपाक हे पूर्ण दिवसाचं काम आहे. तो करणारीकडून माती वाहण्याची अपेक्षा ठेवू नये.

जुन्या विटा झाडून, घासून रचणं हे मुलांना देण्यासारखं काम, तेही ढिगाऱ्यापासून लांब. या विटा नव्या भिंतीत वापरायच्या नाहीत. ओटा, झाडांची आळी, अंगणातली फरशीखालची सोलिंग यांना त्या चालतात.

नवी भिंत, पण आधी पाण्याची वाट

काही जण तीच नऊ इंची भिंत पुन्हा तशीच बांधतात, फक्त सिमेंट जरा जास्त घालून. पाण्याची वाट न काढता बांधलेली भिंत कितीही भक्कम असली तरी तिच्यामागे पावसाळाभर हौद उभा राहतो.

रस्त्याच्या कडेच्या संरक्षक भिंतींना भोकं ठेवलेली असतात, ती पाहून तळघराच्या भिंतीलाही भोकं ठेवणारे आहेत. मग पावसाळ्यात तळघरात झरे फुटतात. तळघरासाठी पाणी भिंतीच्या मागच्या मागे न्यावं लागतं. पायाच्या पातळीला, भिंतीच्या बाहेरून, भोकं असलेला चार इंची पाइप हलक्या उतारानं टाकायचा. त्याभोवती गिट्टी, आणि गिट्टीभोवती जिओटेक्स्टाइल नावाचं न विणलेलं कापड. कापड नसेल तर काळ्या मातीचा गाळ दोन वर्षांत गिट्टी बुजवून टाकतो. घर उतारावर असेल तर पाइपाचं तोंड खालच्या अंगाला उघडं काढता येतं. जाम नदीच्या बाजूला उतरणाऱ्या वस्तीत किंवा सौंसरकडच्या टेकाडांवर ते सहज जमतं. सपाट प्लॉटवर मात्र कोपऱ्यात छोटी टाकी खणून त्यात पाणी घ्यावं लागतं आणि पंप लावावा लागतो. जोराच्या पावसात वीज जातेच, हे धरून पंपाची सोय करावी.

भिंत आर.सी.सी.ची करायची तर सळई कुठल्या बाजूला, हा प्रश्न मिस्त्रीवर सोडू नये. भिंत नुसत्या पायावर उभी असेल, वर धरायला स्लॅब नसेल, तर मुख्य सळई मातीच्या बाजूला लागते. भिंत खाली पायाला आणि वर स्लॅबला पक्की बांधलेली असेल तर तिचं पोट आतल्या बाजूला येतं आणि तिथली सळई तळघराच्या बाजूला लागते. दोन्ही ठिकाणी जागा चुकली तर लोखंड असून नसल्यासारखं. गावातल्या चांगल्या मिस्त्रीच्या हाताला सफाई असते, पण हा हिशेब कागदावरचा आहे. नगरपालिकेकडे नोंद असलेल्या इंजिनिअरकडून एका पानाचं ड्रॉइंग काढून घेण्याचा खर्च एकूण खर्चात किरकोळ ठरतो.

आपल्या उदाहरणातली भिंत आठ इंच जाड आणि तिचा पाया पाच फूट रुंद, दहा इंच जाड धरला तर पाच घनमीटरच्या वर थोडं काँक्रीट लागतं. एम-२० साठी, म्हणजे एक सिमेंट, दीड रेती, तीन गिट्टी या मापानं, चाळीसेक पोती सिमेंट, पाऊण ते एक ब्रास रेती आणि दीड ब्रासच्या वर गिट्टी. पाणी पोत्यामागे पंचवीस लिटर, सत्तावीसच्या वर नाही. ओतायला सोपं जावं म्हणून मिक्सरवर बादलीनं पाणी वाढवणारा एक जण प्रत्येक साइटवर असतो, आणि सोयऱ्यांच्या गर्दीत तो हमखास असतो. त्याला आवरायचं काम घरमालकाचं.

पाया एका दिवशी, भिंत दुसऱ्या दिवशी, आणि भिंत सुरू केली की मध्ये न थांबता पूर्ण. अर्ध्यावर जेवायला सुटी घेतली तर जिथे जुनं-नवं काँक्रीट मिळतं तिथून पाणी शिरतं. इथे मात्र माणसं जास्त असण्याचा खरा फायदा होतो. एक तुकडी जेवते, दुसरी काम करते.

नंतर पाणी मारणं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पी.पी.सी.ला, जे आता दुकानात सगळीकडे मिळतं, किमान दहा दिवस, आणि आपल्या उन्हात चौदा दिवस मारलेलं बरं. सोयरे तोवर गावी परतलेले असतात. काँक्रीटला पूर्ण ताकद येण्याचा हिशेब अठ्ठावीस दिवसांचा आहे. तोवर, आणि वरचा स्लॅब भिंतीला पक्का बांधला जाईपर्यंत, मागे माती भरू नये. नवी भिंत पहिल्याच महिन्यात वाकण्याचं कारण बहुधा ही घाई असते.

आणि भरायची ती काढलेली काळी माती नव्हे. ती ट्रॉलीनं शेतात पाठवावी, तिची जागा तीच. भिंतीमागे मुरूम भरायचा, सहा-आठ इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर दुरमुसानं ठोकून. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा जाड थर दिला की तिचा फुगवटा बराच आवरतो, हे आय.आय.टी. मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी प्रयोगांनी दाखवलं आणि काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरीकरणात ती पद्धत देशभर वापरली गेली. मोठ्या कालव्याचं तंत्र तळघराच्या भिंतीलाही लागू पडतं. माती तीच, पाणी तेच. अगदी वरच्या फूटभरात पाणी मुरू न देणारा थर, त्यावर बाहेर उतार दिलेला तीन फुटी ओटा. आणि पन्हाळीचा पाइप तिथून उचलून लांब.

पैसा, पंचनामा आणि वही

पावसानं घर पडलं तर मध्यप्रदेशात राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ खाली मदत मिळते. लोक त्याला नुसतं 'आरबीसी सहा-चार' म्हणतात. अर्ज तहसीलमध्ये, पाहणी पटवाऱ्याची. महाराष्ट्रातल्या सोयऱ्यांना तलाठ्याचा पंचनामा माहीत असतो, इथे कागद हिंदीत होतो एवढाच फरक. केंद्राच्या आपत्ती निधीचे २०२२ ते २०२६ चे निकष पाहिले तर सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, आणि किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये. तळघराची एक भिंत पडली तर प्रकरण बहुधा दुसऱ्या खान्यात जातं, आणि साडेसहा हजारांत पाच घनमीटर काँक्रीटचं सिमेंटही येत नाही. तरी पंचनामा करून घ्यावाच. पुढे विमा, कर्ज किंवा शेजाऱ्याशी वाद निघाला तर तारखेचा सरकारी कागद तोच.

गृहकर्ज घेतलेल्या पुष्कळ घरांचा विमा असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर आणि घराखालची जमीन खचणं धरलेलं आहे. पण भरावाची जमीन बसणं, नव्या बांधकामाचं साधं बसणं, आणि सदोष डिझाइन किंवा निकृष्ट काम यांमुळे झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं आहे. दावा नेमका इथेच अडतो. म्हणून 'भिंत कच्ची होती' असं पटवाऱ्यासमोर, शेजाऱ्यांसमोर सहज बोलून जाण्याआधी कारण नीट तपासून घ्यावं. पाणी कुठून आलं, त्या आठवड्यात पाऊस किती झाला, हे लिहून ठेवावं.

आता घरातला पैसा. मामानं दिलेले पैसे उसने की मदत, हे देताना कुणी बोलत नाही आणि तीन वर्षांनी लग्नाच्या याद्या करताना दोघांचं वेगळं निघतं. आयकर कायद्याचं उत्तर मात्र स्पष्ट आहे. भाऊ-बहीण, आईवडिलांचे भाऊ-बहीण, बायकोचे भाऊ-बहीण आणि त्यांचे जोडीदार यांच्याकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही, रक्कम कितीही असो. म्हणजे मामा बसतो, आत्या बसते, साळा बसतो, साडूही बसतो. पण मामेभाऊ आणि चुलतभाऊ कायद्याच्या 'नातेवाईकां'त बसत नाहीत. अशांकडून वर्षात एकूण ५० हजारांच्या वर भेट मिळाली तर ती उत्पन्नात धरली जाते. आणि उसनवारी असेल तर २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेऊ नये, फेडूही नये. दोघांचंही उत्पन्न केवळ शेतीचं आणि कर लागण्याजोगं उत्पन्न कुणाचंच नसेल तर घेताना सूट आहे. बाकीच्यांनी बँकेतून किंवा यूपीआयनं व्यवहार करावा. आपसूक नोंदही राहते.

एका शंभरपानी वहीत तीन रकाने पुरतात: रोख कुणी किती दिलं, सामान कुणी आणलं, आणि कोण किती दिवस कामाला आलं. तिसरा रकाना लिहायला लोक लाजतात. पण नरखेडच्या साळ्याची विहीर खचेल तेव्हा किती दिवस जायचं हे त्या रकान्यावरूनच ठरतं.

वाटणी न झालेल्या घरात आणखी एक गुंता असतो. वरचा मजला थोरल्याचा, तळघर धाकट्याचा, आणि कागद अजून वडिलांच्या नावावर. भिंत धाकट्याच्या दुकानात पडली, पण ती पेलत होती थोरल्याचं घर. खर्च कुणाचा? मदतीची रक्कम ज्याच्या नावावर घर त्याच्या खात्यात येते. तो हयात नसेल तर आधी फौती नोंद, मग पैसे. भिंत शेजाऱ्याच्या हद्दीला लागून असेल तर मागची माती उतरती करायला त्याच्या जागेत शिरावं लागतं. त्याची संमती साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी, काम सुरू होण्याआधी घ्यावी. खोदल्यावर मागितली तर तिची किंमत वाढलेली असते.

पावसाळ्यात करायचं काम एवढंच: टेकू, ताडपत्री, पाण्याचा निचरा आणि कागद. नवी भिंत दिवाळीनंतर, जमीन वाफ्याला आल्यावर. मृग बहाराची संत्री तोडायला यायच्या आत काँक्रीटचे अठ्ठावीस दिवस भरतात आणि मुरूम ठोकायला जानेवारी मोकळा राहतो. सोयऱ्यांना निरोप त्या हिशेबानं द्यावा.